आभार माझ्या पायांचे

"स्टुलावर चढ," अण्णा म्हणाले.

सकाळचे साडेनऊ. दाजीबानपेठेतल्या साड्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलेलं. आम्ही कामाला असलेली अकरा माणसं गोल करून उभी. मधोमध लाकडी स्टूल. वरच्या फळीवरच्या इरकली काढायला आम्ही ते वापरतो. मी चढले. स्टूल डुगडुगत होतं.

"आता म्हण. काल मी कामाच्या वेळेत बसले. अण्णांनी माझी चूक दाखवली. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे."

मी म्हटलं. एक शब्द गाळला नाही.

अण्णा मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. त्यांनी मोबाईल खाली घेतला. "असं रडवं तोंड करून कृतज्ञता असते होय? हसून म्हण की."

मी हसले आणि पुन्हा म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायचा नियमच होता. माझी मैत्रीण शांतव्वा, तिनंही वाजवल्या. वाजवताना ती माझ्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. मी एक्केचाळीस वर्षांची बाई. माझी मुलगी दहावीला आहे. आणि मी स्टुलावर उभी राहून हसत होते.

अण्णा म्हणजे आमचे धाकटे मालक. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मालकाला अण्णाच म्हणायचं. त्यांच्या वडलांच्या वेळी दुकानात गादी होती. पांढरी चादर, लोड, त्यावर मालक बसायचे आणि माल दाखवणारे गडीही बसायचे. मग दुकान नवं केलं. काच आली, काउंटर आले, एसी आला आणि आम्ही बाया आलो. गादी गेली. गिऱ्हाइकांसाठी मऊ खुर्च्या आल्या. आमच्यासाठी काही आलं नाही. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभं राहायचं आणि येईल त्या बाईला कानडीत म्हणायचं, "बर्री अक्का, कुंदर्री." या अक्का, बसा. दिवसातून शंभरदा मी लोकांना बसा म्हणते. अकरा वर्षं म्हणते आहे.

ती कृतज्ञता अण्णांनी कुठल्याशा शिबिरातून आणली. तीन दिवस जाऊन आले आणि माणूसच बदलला. रागावणं बंद, ओरडणं बंद. म्हणाले, रोज सकाळी गोल करून उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा, एकेकानं एक गोष्ट सांगायची. कशाबद्दल कृतज्ञ आहात ती. काल सांगितलेली आज चालणार नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. आम्हाला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, माझी लेक नववी पास झाली, घरात तिच्या अभ्यासाचा आवाज असतो, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. बोलताना डोळे भरले. अण्णा म्हणाले, "छान. आणि तिची फी कुठल्या दुकानाच्या पगारातून जाते?"

तिथून सगळ्यांना कळलं, आभार कुणाचे मानायचे ते.

मग सुरू झाली भीती. कमरीपेठेतल्या खोलीतून निघाले की रस्ताभर मी पाठ करत जायची. आज काय सांगू? एसीचं झालं. दिवाळीच्या साडीचं झालं. अण्णा हसून बोलतात, तेही झालं. एकानं तर पंख्याचे आभार मानले, कारण पंखा अण्णांच्या डोक्यावर होता आणि त्या घाबरलेल्या माणसाला दुसरं काही दिसलंच नसावं. शाळेत पाढे आले नाहीत की वाटायची, तशीच भीती. फरक एवढाच की तिथं छडी दिसायची. इथं अण्णा गोड हसायचे.

कुणी रजा मागितली की म्हणायचे, "तुझ्यात कृतज्ञता कमी पडतेय." संडासाची कडी तुटली होती. आम्ही बाया एकमेकींना दाराशी उभं करून जायचो. शांतव्वानं धीर करून सांगितलं. तिला उत्तर मिळालं, "नाही ते बघू नका. आहे ते बघा." दुसऱ्या दिवशी तिनं गोलात सांगितलं, दुकानात संडास आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे. टाळ्या.

स्टुलावर चढले त्याच्या आदल्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती. दुपारी तीनच्या सुमाराला दुकान जरा ओसरलं. माझे पाय इतके सुजले होते की काढलेली चप्पल परत चढेना. काउंटरमागे न उघडलेल्या साड्यांचा गठ्ठा होता. त्यावर मी टेकले.

शांतव्वा कुजबुजली, "ब्याड अक्का, ब्याड." नको, नको. आणि तिनं डोळ्यानंच वर दाखवलं.

वर कॅमेरा होता. मी ताडकन उठले. पण जे दिसायचं ते दिसलं होतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, हेच सगळ्यात वाईट. संध्याकाळपर्यंत मी प्रत्येक पावलाच्या आवाजाला दचकत होते. चुकून दोन गिऱ्हाइकांना एकच साडी बांधून देणार होते. सकाळी मग ते स्टूल.

व्हिडिओ त्यांनी दुकानाच्या पानावर टाकला. वर लिहिलं, आमचं कुटुंब. मुलीनं तो मैत्रिणीच्या मोबाईलवर बघितला. मी घरी गेले तर ती दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

"आई, बसलीस म्हणून तू त्यांना थँक्यू म्हणालीस?"

मी तिच्या थोबाडीत मारली.

आजवर मी तिच्यावर हात उचलला नव्हता. तो राग नव्हता. भीती होती, नुसती भीती. लेकीला कळलं आता, ही बाई कुणाच्याही पुढं काहीही म्हणते. ती रडली नाही. उठली, चहाचं पातेलं उतरवलं, पाणी तापवलं, घमेल्यात ओतून मीठ टाकलं आणि माझ्या पायांपुढं ठेवलं. मला तिच्याकडं बघवेना. मी पायांकडं बघत बसले. निळ्या शिरा, फुगलेले घोटे, टाचांना भेगा. हे माझे पाय. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडं एकदाही धड बघितलं नव्हतं.

आणि मला आई आठवली.

आमचं गाव अळणावरकडचं. आई दुसऱ्यांच्या भातात रोपं लावायची. दिवसभर चिखलात वाकलेली. घरी आली की दारातल्या दगडावर पाय धुवायची आणि मग दोन्ही हातांनी आपल्याच पायांना नमस्कार करायची. "दमलासा गं बायांनो. बसा आता," म्हणायची. मी फिदीफिदी हसायची. ती विळ्यालाही नमस्कार करायची, चुलीलाही, वाटेवरच्या आंब्यालाही, सावली दिली म्हणून. रोज. एक दिवस चुकवला नाही. मी एकदा विचारलं होतं, "आणि शेताच्या मालकाला गं?"

"त्याला कशाला? काम केलं, मजुरी घेतली. फिटलं."

आईला कुठल्या शिबिरात जावं लागलं नव्हतं. आभार कुणाचे मानायचे आणि कुणाचे नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. भीतीपायी मी ते विकून टाकलं. मी लेकीला जवळ घेतलं. चुकलं गं माझं, म्हटलं. आणि मग तिच्यासमोर, जराशी लाजत, आपल्या पायांना हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी गोलात माझी पाळी सातवी होती. पहिली सहा माणसं काय बोलली, मला ऐकू आलं नाही. स्टूल काउंटरला टेकून उभं होतं. मी मनात म्हणत होते, नको, लेकीची दहावी आहे, आज नको. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "हं, बोल."

मी छातीवर हात ठेवला नाही. म्हटलं, "मी माझ्या पायांबद्दल कृतज्ञ आहे. अकरा वर्षं त्यांनी मला इथं उभं ठेवलं."

टाळ्या सुरू झाल्या. मी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

टाळ्या थांबल्या.

"उठ," अण्णा म्हणाले. हसू अजून तोंडावरच होतं.

"गिऱ्हाईक आलं की उठते."

"दुकान काय तुझ्या बापाचं आहे?"

"नाही अण्णा. दुकान तुमचंच. पाय माझे."

आता हसू गेलं. किती दिवसांनी त्यांचा खरा चेहरा दिसला. "तुमच्यासारख्यांना डोक्यावर घेतलं, हीच माझी चूक. दार उघडं आहे. जा."

मी स्टुलावरूनच म्हटलं, "मी जाणार नाही. तुम्ही काढा. आणि लिहून द्या. बसली म्हणून काढली, असं लिहा."

अण्णांनी मोबाईल वर धरला, मग परत खिशात घातला. तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आली, सोबत लग्नाची मुलगी. मी उठले. "बर्री अक्का, कुंदर्री," म्हटलं, आणि खण दाखवायला घेतले. पहिलाच खण घडी सुटून खाली पडला.

अण्णांनी अजून काही लिहून दिलेलं नाही. काढूनही टाकलेलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी ते स्टूल उचलायला लावलं आणि आतल्या गोदामात कुलूप घालून ठेवलं. जाताना सगळ्यांना सांगितलं, उद्याचा विषय, उभं राहण्याची ताकद. बोलताना माझ्याकडं बघितलं.

बाहेर रस्त्यावर शांतव्वानं माझा हात धरला. "अक्का, आता काय करशील? स्टूल तर गेलं."

हे लिहितानाही मी घाबरलेली आहे. नोकरी जाईल, कदाचित उद्याच जाईल. लेकीला मी तसं सांगून ठेवलंय. पण स्टुलावर उभी राहून मी पुन्हा हसणार नाही. स्टूल त्यांनी कुलपात घातलं. फरशी कशी घालतील? उद्या माझी पाळी आली की मी त्या फरशीवर मांडी घालून बसणार आहे. आणि शेजारची जागा हातानं झाडून शांतव्वाला म्हणणार आहे, "कुंदर्री."