बर्फातला जवळा बाजार

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नरसी गावच्या शाळेत भाषणाला बोलावतात तेव्हा थंडी सांगतो, चढ सांगतो. सांगता सांगता माझ्या तुकडीतल्या शिपाई राठोडपाशी आलो की पाणी मागतो.

काश्मीरमध्ये आमची चौकी उंचावर होती. मी हवालदार. रोज सकाळी तिथल्या हमालांसोबत रसद वर न्यायची. वाटेत उतारावर एक सपाट जागा होती. नकाशात ती पॉइंट सात. आम्ही तिथं ओझी उतरवून चहा प्यायचो, गलका करायचो, म्हणून मी तिला आमच्याकडच्या बाजाराच्या गावावरून जवळा बाजार म्हणायला लागलो. सगळ्या सेक्शननं तेच नाव उचललं. हमालांच्या बोलीत तिचं नाव वेगळं होतं. त्याचा अर्थ, थांबू नका.

एका जागेला तीन नावं कशी, याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे. माणसाचं जिथं जे काम, तसं तो नाव ठेवतो. नकाशावाल्याला जागा मोजायची होती. आम्हाला टेकायचं होतं. हमालांना तिथून जिवंत पार व्हायचं होतं.

म्हातारा हमाल म्हणायचा, "साहब, बाजार लगाओगे तो ग्राहक ऊपर से आएगा."

आम्ही हसायचो.

त्या दिवशी ताज्या बर्फावर कडक ऊन पडलं होतं. हमाल न थांबता पुढं गेले. मी हुकूम दिला, "हॉल्ट. चहा."

राठोड कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. म्हणाला, "उस्ताद, ते लोक थांबून न्हाई राहिले. आपण काहून थांबावं?"

"का रे, बाजारातून रिकाम्या हातानं जातो का?"

पोरं हसली. तोही हसला आणि ओझं न उतरवताच सगळ्यांच्या वरच्या बाजूला बसला.

आधी आवाज आला. मग वरचा सगळा उतारच खाली सरकला. आम्ही कडेला निसटलो. राठोड दिसेना. मी रेडिओ घेतला.

"पॉइंट सात. एक जवान बर्फ के नीचे. ओव्हर."

"हॉल्ट क्यों किया? ओव्हर."

"राठोड का लोड ढीला था. ओव्हर."

हमाल माघारी धावत आले. त्यांनीच त्याला उकरून काढलं. श्वास नव्हता. पाठीवरचं ओझं घट्ट बांधलेलं होतं. रिपोर्टमध्ये मात्र मी बोललो तेच राहिलं.

सुट्टीत तांड्यावर गेलो. त्याची आई, सगळे तिला याडी म्हणत, समोर बसली.

"कुठं गेलं माझं लेकरू? जागेचं नाव काय?"

"पॉइंट सात."

"हा तर नंबर झाला, बापू. नाव न्हाई व्हय तिला?"

"न्हाई," मी म्हणालो.

पुन्हा जाऊन खरं सांगायचं ठरवत राहिलो. याडी वारली.

याडी, त्या जागेला नाव होतं. थांबू नका, असं नाव होतं. तुझं लेकरू निघायचं म्हणत होतं. थांबवलं मी. मला माफ कर.