माझी जाड तार

साताऱ्याच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील कामगार संघटनेचे, कॉटखाली गठ्ठे असायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे सांगलीजवळ माधवनगरात नोकरीला लागल्यावर माझा पहिला राग पत्रकातूनच बाहेर पडला. तिथल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळायचे, माग थांबू नये म्हणून. अशाच एका मागाचा कंट्रोल बॉक्स पेटला आणि माग चालवणाऱ्या मावशींचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. ‘जाड तार घालणारा हात गुन्हेगार आहे,’ असं मी लिहिलं आणि शेडच्या दारात उभी राहून ते पत्रक वाटलं.

मी काम करायचे ते वीजदुरुस्तीचं दुकान मामांचं. नात्याचे नव्हेत, सैन्यात सिग्नलला हवालदार होते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पत्रक वाचून ते एवढंच बोलले, “झ्याक लिवलंस. आता तारंच्या जागी घालायचं काय, ते बी सांग की गं.”

म्हणून आम्ही इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा चाचणी बोर्ड मागवला. तळहाताएवढा. यात काही वितळत नाही. चिप प्रवाह मोजते आणि मर्यादा ओलांडली की तोडते. मर्यादा ठरते पिनांवर बसवायच्या बारक्या टोपीने: दोन, तीन किंवा पाच अँपिअर. शेडच्या मालकांनी बजावलं होतं, “सोमवारी माझ्यासमोर माग चालला तर बसवू. न्हाईतर आमची तारच बरी.” त्याच सोमवारी मावशी त्याच मागावर परत उभ्या राहणार होत्या.

शनिवारी मी चोवीस व्होल्टचा सप्लाय लावला, मीटर जोडला, टोपी दोनवर ठेवली. भार म्हणून ट्रकचा एक जुना बल्ब. लागला. मग कंट्रोल बॉक्स जोडला आणि लाल दिवा, म्हणजे चिपने प्रवाह तोडला. पुन्हा लाल. बॉक्समधले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर सुरू होताना क्षणभर भसकन प्रवाह ओढत होते. सात-आठ वेळा झाल्यावर मी चिडून टोपी पाचवर सरकवली. हिरवा! मी टाळी वाजवली.

मामांनी बॉक्स सोडवला, त्यातलीच सेन्सरची बारीक वायर बोर्डाला लावली आणि तिच्या टोकाला पाच बल्ब.

“धर ती.”

धरली. गरम होत होत तिने चटका दिला. हिरवा दिवा आपला शांतपणे चालूच.

“पत्रक कुठाय तुजं? वाच बरं मोठ्यानं.”

माझे कान तापले. “आवं मामा, पण दोनवर तो सुरूच होत नाही!”

“झोपलेलं माणूस उठल्या उठल्या पळतं व्हय? हळू उठव की त्याला.”

बोर्डावर त्याचीही सोय होती; माहितीपुस्तिकेतलं ते पान मी घाईत उलटलं होतं. एका कोपऱ्यात मोठा कपॅसिटर घातला की व्होल्टेज सावकाश चढतं. तो घातला, टोपी दोनवर आणली. बॉक्स सुरू झाला, हिरवा टिकला. मग पुन्हा वायर आणि पाच बल्ब: लगेच लाल.

सोमवारी माग चालला. मालक खूश झाले तोच मामांनी मुद्दाम दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. लाल दिवा, माग बंद.

“आवं, थांबला की!” मालक ओरडले.

मावशी पुढे आल्या. नवी गुलाबी कातडी आलेल्या हाताने त्यांनी त्यातली एक वायर मुठीत धरली.

“गार हाय,” त्या म्हणाल्या. मग मालकांकडे वळून, “बसवा. समद्या मागांस्नी.” आणि वायरी सुट्या झाल्यावर त्यांनीच बटण दाबून माग परत सुरू केला.

नव्या पत्रकातून मी गुन्हेगार हाताचं वाक्य काढलं आणि टोपी कुठे ठेवायची ते लिहिलं. शनिवारचं मामांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून मीच सांगते आहे.