वेळापत्रकात नसलेली कोकमं

शमे, समोर असतीस तर कानच धरला असता तुझा. पुण्यात बसून आमच्या गावच्या सहलींची जाहिरात लिहितेस, आणि त्यात नुसता किल्ला, समुद्र नि वेळापत्रक!

काल नाशिकच्या बायकांचा ग्रुप आला. माझ्या सुनेनं आखलेली ही पहिलीच सहल. ह्या नाराज होऊन गेल्या तर पुढचे कोण येणार, ह्या काळजीत ती. बायका अंगणात माझ्याबरोबर कोकमं फोडायला बसल्या, त्या उठेनातच. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

"अहो, किल्ला बघायचा राहील!" सून रडकुंडीला आली.

"तो कुठं पळतोय गं?" त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या. सगळ्यांचे हात लालभडक, आणि हसणं तर विचारू नकोस! जाताना पुढची सहल ठरवूनच गेल्या.

गाव नुसतं बघून माणसाचं मन भरत नाही बहुतेक, हाताला लागावं लागतं. जाहिरातीत हेच लिही. पण तिथून नाही सुचायचं, बाळा. कोकमं संपायच्या आत आत्याकडे ये.