आमच्या पाळीचा उपास

ख्रिस्ती मंडळीत येऊ पाहणाऱ्या माणसाला बाप्तिस्म्याआधी तीन महिने मिशनच्या कंपाउंडात राहावं लागे. कंपाउंडात सात घरं होती. आठवड्याचा एकेक दिवस एकेका घराकडे. त्या दिवशी उमेदवारानं त्या घरी जेवायचं. माणूस खरा आहे की नाही हे ताटावर कळतं, अशी पद्धत घालून देणाऱ्यांची समजूत होती. मुदत संपली की रविवारच्या उपासनेत प्रत्येक घराच्या कर्त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. एका घराची जरी साक्ष कमी पडली, तरी बाप्तिस्मा होत नसे.

ही पन्नासच्या दशकाच्या मध्यातली, वाशीम भागातली गोष्ट आहे. वडील वारल्यामुळे घराचा कर्ता मी होतो. वय बावीस. मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि त्या नोकरीमुळेच आईला व मला दोन खोल्या मिळाल्या होत्या.

उमेदवार मेडशीकडचा होता, तिशीचा. प्रार्थना करताना त्याचा आवाज भरून येई आणि बायका पदर डोळ्यांना लावत. आमची पाळी गुरुवारची. पहिल्या गुरुवारी तो आला, ओट्यावर बसला, आणि आईनं ताट आणलं तेव्हा हात जोडून म्हणाला, "माय, आज माहा उपास आहे. प्रभूसाठी." पाणीही घेतलं नाही. पुढचे चार गुरुवार तेच झालं. मंडळीच्या पाळकांनी उपदेशात त्याच्या उपासाचं उदाहरण दिलं.

आमचे आजोबा गावाबाहेर राहून दोर वळत. उरलेली सहा घरं ज्या जातीतून आली होती, ती आमच्यापेक्षा एक पायरी वर मानली जाई. उमेदवार त्याच जातीचा होता. कंपाउंडात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि ती बोलायची नाही असा नियम होता. बोलणं हेच पाप. विहिरीवरच्या भांडणात एका गवंड्यानं जातीचा उच्चार केला, तर त्याला भर उपासनेत गुडघे टेकून क्षमा मागावी लागली. महिन्याच्या आत त्याला खोली सोडावी लागली.

आई मात्र घरात बोलली. "आपल्याच पाळीले याले देव कसा आठवते रे?"

"योगायोग असेल."

"पाहू मंग."

तिनं शेजारणीशी दिवस बदलला. शेजारणीला बाजाराचं कारण सांगितलं. आता आमचा सोमवार आणि तिचा गुरुवार. सोमवारी तो आला. ताट पुढे आलं. तो ताटाकडे पाहत म्हणाला, "माय, आज उपास आहे."

गुरुवारी शेजारणीकडे तो दोन भाकरी जेवला. तिनं सरळ विचारलं, "काहून भाऊ, तुमचा तं गुरुवार होता ना?"

"देवानं दिवस बदलला, वहिनी."

शेजारणीनं हे आईला कौतुकानं सांगितलं. आई हसली. "देवाले आमची पाळी बरी मालूम आहे!" शेजारणही हसली, आणि मग घाईनं घागर उचलून निघून गेली.

पुढच्या सोमवारीही उपासच झाले, आणि मुदत संपत आली तेव्हा मी पाळकांकडे गेलो. ते नगरकडचे होते, पुस्तकी मराठी बोलत. दिवसांचा क्रम मी सांगितला. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.

त्यांनी ऐकून घेतलं. "मास्तर, उपास देवासाठी असतो. तो घर पाहून करतात, असं तुम्हांला म्हणायचं आहे का?"

"मी फक्त काय झालं ते सांगतोय."

"का झालं, तेही सांगा. तुमच्या मनात कारण असेल तर ते शब्दांत सांगा."

त्या शब्दाची किंमत आम्हां दोघांनाही माहीत होती. खिडकीतून शाळेची घंटा आणि तिच्यामागे आमच्या दोन खोल्या दिसत होत्या.

"कारण नाही," मी म्हणालो.

"मग रविवारी साक्ष द्या."

रविवारी उपासनेच्या मंडपात घरं क्रमानं पुकारली गेली. सहा कर्ते उठले, बसले. उमेदवार माझ्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर भीती होती. ती खोटं उघडं पडण्याची होती की देवाच्या दारातून परत पाठवलं जाण्याची, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. ज्याला आमचं पाणी चालत नाही त्याचे प्रार्थनेतले अश्रू खरे असू शकतात का, हा प्रश्न विचारायला त्या मंडपात जागा नव्हती.

मी उभा राहिलो. "हे दर पाळीला आमच्या घरी आले. यांचा विश्वास खरा आहे, अशी माझी साक्ष आहे." पहिलं वाक्य खरं होतं.

त्याचा बाप्तिस्मा झाला.

घरी आईनं ताट वाढलं. मग म्हणाली, "त्याचं मन मले नाही दिसलं. तुयं दिसलं."

"खोल्या गेल्या असत्या."

"मले मालूम आहे. मी कुठी उठली? मीबी बसूनच होती. जेव."

महिन्याभरानं पाळकांनी मला बोलावलं. नव्या उमेदवारांना प्रश्न विचारणाऱ्या वडीलजनांत एक जागा रिकामी होती. "तुमची पारख संयमाची आहे," ते म्हणाले. नकार दिला असता तर कारण विचारलं गेलं असतं, आणि कारण तेच, न बोलायचं होतं. पुढची दोन वर्षं मी त्या बाकावर बसलो. आलेल्या प्रत्येकाला विचारत होतो, तू मनापासून आला आहेस का?