बाड्याजवळच्या देवळातलं तथास्तु

उत्तरेतलं आमचं संस्थान विलीन झालं, तरी बाड्याजवळच्या, म्हणजे महाराजांच्या जुन्या वाड्यापुढच्या चौकाजवळच्या, आमच्या देवळात आरती संपताना पुजारीकाका म्हणत, "महाराजांचं राज्य अखंड राहो." त्यावर सगळ्यांनी "तथास्तु" म्हणायचं आणि मगच आरतीचं तबक फिरायचं, अशी रीत होती. बाबा संस्थानच्या फौजेतले. सर्वांत मोठा आवाज त्यांचा असे.

फौज मोडली आणि बाबांना नव्या सरकारच्या कचेरीत तात्पुरती चाकरी लागली. एका संध्याकाळी त्यांचे साहेब दर्शनाला आले. पुजारीकाकांनी ते वाक्य म्हणताच साहेब हसले, "पंडितजी, अब कौन-सा राज?"

सगळे खाली बघू लागले. पुजारीकाका तबक धरून बाबांकडे वळले. "अहो सुभेदार, तुम्ही तरी म्हणा!"

बाबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. माझं कॉलेज त्या चाकरीवर चालू होतं. मीही गप्प राहिले. तबकातला कापूर तसाच विझला.

पुढे चाकरी कायम झाली. तिच्याच जोरावर आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली. त्या दिवशी आई देवापुढे म्हणाली, "पोरगी सुखी राहो," आणि सवयीनं "तथास्तु" ऐकायला तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.