न्यूट्रलचं बटण

ओजिसान पाण्यात पडले तेव्हा माझ्या हातात अर्धा नारळ होता. नावेच्या पुढच्या टोकाला दोरी बांधायचा लोखंडी खुंट असतो, त्यावर मी तो फोडला आणि त्याच क्षणी मुलाने चावी फिरवली. इंजिन लागलं आणि नाव पुढे उडाली. पुढची दोरी अजून धक्क्याला बांधलेली होती. ती ताणली, नाव अडली आणि मागची बाजू गरकन फिरली. मी कठड्यावर आपटले. ओजिसान मागे एक पाय नावेत आणि एक पाय धक्क्यावर ठेवून उभे होते. दोन पायांच्या मध्ये पाणी आलं आणि ते त्यात गेले.

मुलाने वळून पाहिलं. "आई, मशीन!" एवढंच म्हणाला आणि बुटांसकट उडी मारली. त्याला पोहता येत नव्हतं.

ओजिसान म्हणजे इथल्या भाषेत म्हातारेबुवा. मुलाच्या तोयोसुच्या ऑफिसातून रिटायर झालेले. मुलगा जपानला आला तेव्हा त्यांनी त्याला काम शिकवलं, घर शोधून दिलं, कुठला कचरा कुठल्या वारी ठेवायचा तेही दाखवलं. बायको नाही, मूल नाही. एदोगावा भागात आमच्या मागच्या गल्लीतच राहायचे. दोघांनी मिळून एक जुनी मोटारबोट घेतली होती आणि ती नदीच्या तोंडाशी तरंगत्या धक्क्याला बांधलेली असायची. रविवारी दोघे तिथे. सून म्हणायची, "आई, तुमच्या मुलाचं दुसरं लग्न झालंय. सवत डिझेल पीत नाही, पेट्रोल पिते."

मी खाडीकाठची. चौथी शिकले आणि मासळीच्या पाट्या उचलायला लागले. नवऱ्याची मशीनवाली होडी होती. मुलाला पाण्याची ओढ नव्हती, पोहायला ढकललं की रडून परत यायचा. पण होडीचं मशीन उघडलं की जेवायला उठायचा नाही. त्याला नाव हवी होती ती मशीनसाठी.

त्या हिवाळ्यात नाव रुसली होती. चावी फिरवली की कधी इंजिन लागायचं, कधी नुसती शांतता. मुलाने मला समजावलं होतं. हाताशी एक दांडा असतो. पुढे ढकलला की नाव पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की न्यूट्रल. दांड्याच्या डब्यात बोटाच्या पेराएवढं एक बटण असतं. दांडा मध्ये असला तरच ते दाबलं जातं, आणि ते दाबलं गेलं तरच चावीला उत्तर मिळतं. म्हणजे गिअरमध्ये असलेली नाव चुकून चालू होऊ नये.

"चांगली सोय आहे," मी म्हटलं.

"सोय खाऱ्या पाण्याने खाल्ली," तो हसला. "आता दांडा मध्ये असला तरी बटणाला पटत नाही."

नवीन बटण मागवलं होतं, ते यायला वेळ होता. माझा व्हिसा संपत आला होता. मी परत जायच्या आधी मला समुद्रापर्यंत न्यायचं असं त्याने ठरवलं होतं. ओजिसान म्हणाले, थांबू या, पार्ट येऊ दे. मुलगा थांबणाऱ्यातला नव्हता. आमच्याकडे मशीन थांबलं म्हणून होडी थांबत नाही. तारेने, सुतळीने, सायकलच्या ट्यूबने, कशाने तरी ती चालतेच. हे तो बापाकडून शिकला होता. त्या रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ओजिसान दोऱ्या बघत होते. मुलाने डबा सोडवला, बटणाच्या दोन्ही वायरी काढल्या आणि एकमेकींना जोडून टेप गुंडाळली. आता बटणाला न विचारताच चावीला उत्तर मिळणार होतं. हात आत जाईना म्हणून अंगातलं तरंगायचं जाकीट काढून सीटवर टाकलं.

ओजिसान वाकून बघायला आले. "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहे ना?

"दाइजोबु, दाइजोबु," मुलगा म्हणाला. मग मला मराठीत, "यांना पार्ट नंबर सांगितल्याशिवाय झोप लागत नाही."

"आणि तुला?"

"मला तू नारळ फोडल्याशिवाय लागणार नाही. आण तो."

आमच्या खाडीत मशीन दुरुस्त झालं की पुढे नारळ फुटतो आणि मागे लगेच मशीन लागतं. दोन्ही आवाज एकात एक आले पाहिजेत. मध्ये गॅप पडला की माणसं तोंड वाकडं करतात. स्टेशनजवळच्या आपल्या माणसाच्या दुकानातून मुलाने नारळ आणला होता. ओजिसाननी विचारलं हे काय, त्याने सांगितलं. म्हातारा खूश झाला. त्यांच्याकडेही नावेला तांदळाची दारू पाजतात. त्यांनी पिशवीतून छोटी बाटली काढली आणि मागच्या टोकाला गेले. मागची दोरी मुलाने आधीच सोडली होती. ओजिसाननी एका पायाने नाव धक्क्याला धरून ठेवली आणि दारू ओतायला वाकले. पुढे मी, मागे ते, मध्ये मुलगा चावीला हात लावून.

दांडा मध्ये नव्हता. कित्येक दिवस बटण रुसायचं म्हणून दांडा जरा पुढे, जरा मागे हलवून बघायची त्याच्या हाताला सवय लागली होती. तसाच तो थोडा पुढे राहिला होता. बटण असतं तर नुसती शांतता झाली असती. आम्ही तिघे हसलो असतो, मी त्याला शिवी दिली असती.

लोक अजून कुजबुजतात की म्हातारीच्या नारळाने घात केला. नारळाने काही केलं नाही. वायरीने केलं.

तो म्हणाला मशीन, म्हणून मी आधी मशीनकडे गेले. पुढून चावीपर्यंत जायला किती वेळ लागतो? नाव गोल फिरत होती, पंखा पाण्यात घुमत होता आणि दोघे त्याच पाण्यात होते. चावीजवळ लाल दोरी लटकते, ती ओढली की इंजिन मरतं. ती ओढली. मग आवाज संपला. तो संपल्यावर जे ऐकू आलं ते वाईट होतं. पाणी नावेला चापट्या मारत होतं, बस्स.

मला पोहता येतं. अजूनही येतं. मी उडी घेतली नाही, कारण अंगात जाकीट असताना खाली जाता येत नाही आणि ते कुठून सोडायचं मला माहीत नव्हतं. मुलानेच सकाळी पट्टे आवळून दिले होते. आकड्याची काठी घेतली आणि नावेच्या कडेवर पालथी पडून पाण्यात शोधायला लागले. एक हात दिसला. त्या हाताला काठी दिली. हात ओजिसानचा होता. त्यांचं जाकीट त्यांना वर धरून होतं. मी ओढलं, त्यांनी धक्क्याची कड धरली आणि तिथूनच ओरडायला लागले. शेजारच्या नावेवरची माणसं धावत आली.

दुसरा हात वर आला नाही. ओहोटी होती. तरंगत्या धक्क्याखाली काळोख असतो, पाणी सगळं तिकडे ओढून नेत होतं. बंबवाल्यांचे पाणबुडे आले, खाली गेले. मी धक्क्यावर बसले होते. कुणीतरी ऊब राहावी म्हणून माझ्या अंगावर चंदेरी कागद घातला. तो वाऱ्याने सारखा वाजत होता, म्हणून मी तो काढून टाकला.

इथे जाळल्यावर हाडं लांब काठ्यांनी उचलतात. दोन माणसांनी मिळून एक हाड, दोन्हीकडून धरून. सुनेला काठ्या धरवेनात तसे ओजिसान पुढे झाले. सून म्हणाली, "नको." मराठीत म्हणाली, पण त्यांना कळलं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिच्याबरोबर मी उचललं. मग मी ते सगळं घेऊन गावी गेले.

भूतबित मी मानत नाही. खाडीकाठी राहून भुतं मानली तर मासे विकायला कोण जाणार? पण पुढच्या खेपेला आले तेव्हा घर तसंच होतं. इथल्या न्हाणीघरात पाणी तापलं की भिंतीतून एक बाई बोलते, आंघोळीचं पाणी तयार आहे. मुलगा कुठूनही ओरडायचा, "आलो गं बाई!" आता ती बोलायची आणि घरात सगळे गप्प व्हायचे. सून भाजी चिरताना सुरी थांबवायची. नात जपानीत काहीतरी पुटपुटायची, आपल्याशीच. मी मोजत नव्हते, पण एक जण उत्तर देईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही तिघी थांबायचो. रोज. तिचा आवाज बंद करायचं बटण असतं म्हणे. कुणी दाबलं नाही.

स्टेशनच्या जिन्यावर मुलाची पाठ दिसते. मी मागे जात नाही. ज्याची असेल त्याची असू दे.

त्या खेपेला एका दुपारी ओजिसान दाराशी आले, हातात कुरियरचं छोटं खोकं घेऊन. मागवलेलं बटण. ते त्या रविवारनंतर दोन दिवसांनी आलं होतं आणि त्यांनी फोडलं नव्हतं. पोलिसांनी तपास करून नाव परत दिली होती. ती तिथेच बांधलेली होती, ती जोडलेली वायर पोटात घेऊन. ओजिसान सुनेशी जपानीत हळूहळू बोलले. आधी सून त्यांना दारातूनच परत पाठवायची. त्या दिवशी ऐकून घेतलं.

"काय म्हणतायत?"

"नाव मोडीत काढणार आहेत. त्याआधी बटण बसवायचंय म्हणतात."

"मोडायचीच तर बसवायचं कशाला?"

"मीही तेच विचारलं." ती दाराकडे बघत राहिली. "म्हणतात, तसंच ठेवून मोडली तर ती कायमची तशीच राहील. आई, वेड लागलंय त्यांना. तुम्ही जाऊ नका."

मी चपला घातल्या. मला बघायचं होतं ते किती मोठं असतं.

वाटेत ओजिसान पुढे, मी मागे. धक्क्यावर पाय ठेवला की तो खाली दबतो आणि खालचं पाणी गळ्यातल्यासारखा आवाज करतं. मी तो ऐकला आणि पुढे गेले. ओजिसाननी आधी बॅटरीची तार काढली. स्क्रू काढून एका वाटीत ठेवले. डबा उघडला आणि मला टॉर्च धरायला दिला. टेप तशीच होती, त्याने गुंडाळलेली, शेवटचं टोक दाताने तोडलेलं. तो दोरासुद्धा दातानेच तोडायचा, लहानपणापासून. ओजिसानचा हात टेपपाशी थांबला. मग त्यांनी कात्री माझ्यापुढे केली.

मी टेप कापली.

जुनं बटण हिरवं पडलं होतं. त्यांनी ते काढलं, जागा घासून पुसली, नवं बसवलं, वायरी लावल्या, वंगण लावून डबा बंद केला. बॅटरी जोडली. दांडा पुढे ढकलून त्यांनी चावी फिरवली. काही झालं नाही. मागे ओढून फिरवली. काही झालं नाही. परत पुढे, परत मागे. म्हातारा थांबेना. चावी फिरवायचा, ऐकायचा, फिरवायचा. ती शांतता त्या दिवशी हवी होती, आणि आता ती मिळतच होती, मिळतच होती. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं.

"पुरे," मी म्हटलं.

त्यांनी दांडा मध्ये आणला आणि माझ्याकडे पाहिलं. चावी मी फिरवली. इंजिन लागलं. नाव जागची हलली नाही. ओजिसान खाली बसले आणि तोंड झाकून रडले. मी रडले नाही, मला तिथे रडू येत नाही. थोड्या वेळाने मी इंजिन बंद केलं.

पुढच्या आठवड्यात नाव मोडली. ओजिसान महिन्यातून एकदा येतात, सून चहा करते.

त्या सकाळी आम्ही तिघे होतो. ते जगले. मी जगले. मुलगा जगला नाही.