कापडाशिवाय चाललेली मशीन

“हसा की स्वल्प, मग टेप लावतो.”

मास्तरांनी हे वाक्य ज्याला ऐकवलं नाही असा माणूस आमच्या स्टुडिओत नव्हता. स्वल्प म्हणजे थोडंसं. इथे म्हैसुरात ते सांगावं लागत नाही, तुमच्यासाठी सांगते. कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात खडूची चकती आणि गळ्यात टेप. समोरचा हसेपर्यंत ती टेप गळ्यातून निघत नसे.

कारण साधं होतं. माप देताना माणसं श्वास धरतात, पोट आत ओढतात, फोटोला उभं राहिल्यासारखी ताठतात. त्या मापाचा कपडा पहिल्या गिरकीला उसवतो, आणि तोही कॅमेऱ्यासमोर. हसून झालं की शरीर आपल्या जागेवर येतं. तेवढ्यात मास्तर टेप फिरवत. बाई असली तर एक टोक तिच्याच हातात देत आणि आकडा तोंडाने न उच्चारता वहीत लिहीत. हे सगळं पडद्याआड. कपड्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात उरलेल्या हिरव्या कापडाचा पडदा त्यांनी स्वतः शिवून लावला होता. पडद्याशिवाय त्यांनी कुणाचं मनगटसुद्धा मोजलं नाही.

मी या स्टुडिओचं निर्मितीचं ऑफिस सांभाळते. नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिकहून इथे आले त्याला सोळा वर्षं झाली. हुणसूर रस्त्याला शहर संपतं तिथे आमचं शेड आहे, आणि त्यात एका वाहिनीसाठी नावाजलेल्या माणसांची नाचाची स्पर्धा चालते. तुम्ही अशी एखादी स्पर्धा जेवताना पाहिली असेलच. मालिकेतली सून, निवृत्त पहिलवान, बातम्या देणारा एखादा, आणि प्रत्येकाला नाच शिकवणारा एक जोडीदार. पडद्यावर ते दीड तासात संपतं. इथे त्याला आठवडा लागतो.

मास्तरांची माणसं म्हैसुरात कधी आली हे त्यांनाही माहीत नव्हतं. शहरातल्या त्यांच्या दुकानात विठ्ठलाचा फोटो आणि त्याला खेटून चामुंडेश्वरीचा. एकादशीला ते कापडाला कात्री लावत नसत. शूटिंग असलं तर दशमीलाच सगळं कापून ठेवत आणि एकादशीला नुसतं शिवत. माझं बोलणं त्यांना गमतीचं वाटे. म्हणायचे, “तुमचं म्हणजे इस्त्रीचं मराठी, मेडम. आमचं घडीचं. घातलं की चुरगळतंय.”

त्यांचे विनोद अगदी सुमार होते. पहिलवान काही केल्या हसेनात तेव्हा मास्तरांनी खोलीतल्या खांबाला टेप गुंडाळली, आकडा वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, “खांब बारीक हाय सर तुमच्यापेक्षा. पण नाचात तोच जिंकेल, चुकत नाही.” पहिलवान एवढे हसले की बाहेरचे लोक आत डोकावले. पुढे हा खांबाचा विनोद त्यांनी सगळ्यांवर वापरला. माझं ब्लाउज शिवायचं होतं तेव्हा मी घाईत होते. मास्तर टेप हातात घेऊन नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “मेडम, तुमी हसायला पण वेळ ठरवून घेणार काय? किती वाजता येऊ?” मला हसू आलं. ते ब्लाउज अजून अंगाला बरोबर बसतं.

त्यांचं दुसरं खूळ मशीनचं. एखादा कारागीर गप्पा मारता मारता सहज पाय दाबून बसला की मास्तर ओरडत, “रिकामी चालवू नको रे! दाते झिजतात.” खाली कापड नसलं की ते धरणारा लोखंडी दाब थेट दात्यांवर घासतो आणि मग ते दाते कापड पुढे सरकवत नाहीत. काळी, जुनी, मोटर लावलेली मशीन होती ती. बापाची होती म्हणत. खडखडाट असा, की शेजारी उभं राहून बोललेलं कळायचं नाही.

त्या वर्षी वहीत पाच नंबरला सुमा होती. बेट्टदपूरची मुलगी, टेकडीवरच्या देवळाच्या जत्रेत नाचायची म्हणे. एका मालिकेत धाकट्या बहिणीचं काम मिळालं आणि तिथून ती आमच्याकडे आली. तेवीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तोंड उघडायच्या आतच हसली होती.

तिचा जोडीदार आधीचा विजेता. देखणा, तयारीचा, लोकांचा लाडका. तालमीत तो तिला पोतं म्हणायचा. ताल चुकला की बाकीच्यांना थांबवून टाळ्या वाजवायला लावायचा. वाहिनीने त्याचीच जाहिरात केली, खाली हलकंफुलकं संगीत लावून. कडक गुरू, रडवेली शिष्या. लोकांना आवडलं. खोटं कशाला सांगू, मीही घरी ती जाहिरात पाहून चहा पीत बसले होते.

चौथ्या आठवड्यात मास्तर माझ्या टेबलाशी आले. ते कधी ऑफिसात येत नसत.

“मेडम, पाच नंबरनं लांब बाह्या मागितल्यात.”

“मग शिवा की.”

“दंडावर चार बोटं हायत.”

“मास्तर, नाचात हात धरतातच.”

“धरलेलं सकाळपर्यंत राहत नाही. हे पिवळं पडलंय.”

आता माझ्या कामाचं सांगते. वाहिनीने स्पर्धकांच्या काळजीसाठी एक फॉर्म दिला होता. दर बुधवारी तो भरायचा. झोप झाली का, दुखापत आहे का, कुणाबद्दल तक्रार आहे का, आणि खाली सही. जबाबदारी माझी. तेरा स्पर्धक, शिवाय जेवण, गाड्या, जनरेटर. म्हणून मी फॉर्म घेऊन सरळ तालमीच्या हॉलमध्ये जायची आणि उभ्या उभ्या सह्या घ्यायची. त्या बुधवारीही तेच केलं. फक्त सुमाला प्रश्न जरा हळू विचारले, एवढाच फरक.

“एल्ला सरी, अक्का,” ती म्हणाली. सगळं ठीक.

जोडीदार चार हातांवर पाणी पीत होता. म्हणाला, “तक्रार माझी लिहा मॅडम. पोतं उचलून खांदा गेला माझा.” हॉल हसला. मीही हसले. सही घेतली आणि पुढच्या स्पर्धकाकडे गेले.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं, विचारलं, काही नाही म्हणाली.

“कुठं विचारलं?”

“हॉलमध्ये.”

“तो कुठं होता?”

ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “कमरेचं माप मी चारचौघांत घेत नाही. हे तुमी घेतलं.”

मला राग आला. “तुमचं काम वेगळं, माझं वेगळं,” म्हटलं.

“हौदु. हो, वेगळं,” ते म्हणाले आणि कात्रीकडे वळले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्या बुधवारी पुन्हा हॉलमध्येच सह्या घेतल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी, शूटिंगच्या आदल्या दिवशी, कपड्यांची व्यवस्था बघणारी पोरगी धावत आली. “मास्तर पाच नंबरचं माप घेत नाहीयेत. कपडाच शिवणार नाही म्हणतात.” निर्मात्याचा फोन तिच्या मागोमाग. मी तणतणत गेले. दारात जोडीदार घड्याळ बघत उभा. सुमा पडद्याआड स्टुलावर. मास्तर पडद्याबाहेर, टेप गळ्यात तशीच.

“जुनं माप घ्या आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं.

“जुनं दुसऱ्या बाईचं झालं. नजरेनंच सांगतो, दीड इंच आटलीय ही.” मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “खांबाचा विनोद केला. हसायला गेली, अन् इथं हात धरून बसली.” त्यांनी स्वतःच्या डाव्या कुशीवर, छातीच्या खाली हात ठेवला. “हसायला दुखतंय तिला, मेडम. उद्या तो तिला डोक्यावर उचलणार हाय.”

मी पडद्याकडे पाहिलं.

“फॉर्म आणा तुमचा. पडद्यात बसा. मी बाहेर हाय.”

मी फॉर्म आणला. आत गेले. बाहेर मास्तरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मग मशीन सुरू झाली. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. दाब खाली, सुई वरखाली, आणि खाली काहीच नाही. चिंधीसुद्धा नाही. मास्तर समोर बघत पाय दाबून बसले होते. चिंधी का घेतली नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुधा सुचलीच नसावी.

सुमा बोलायला लागली ती माझ्याकडे न बघता, मशीनच्या आवाजाच्या आडोशाने. नऊ दिवसांपूर्वी उचलताना त्याने हात सोडला. ती कठड्यावर आपटली. तेव्हापासून डाव्या कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरकडे गेलीस तर उद्या तुझ्या जागी दुसरी उभी राहील, म्हणाला. फोन त्याच्या बॅगेत असतो. दहीभात किती खायचा ते तो ठरवतो.

नऊ दिवस. मी मनात मोजलं. मी हॉलमध्ये हळू आवाजात प्रश्न विचारले, तोच बुधवार.

“त्याच दिवशी का?” मी विचारलं.

“तुम्ही मलाच जास्त वेळ विचारलंत ना,” ती म्हणाली. “त्याला वाटलं मी काही सांगितलं. वीस वेळा तेच उचलणं करायला लावलं.”

बाहेरून जोडीदाराचा आवाज आला, “एष्टु होत्तु, मास्तरे?” किती वेळ?

“अस्तर लागतंय सर, अस्तर,” मास्तर ओरडून म्हणाले. पाय काढला नाही.

मी धीर वगैरे दिला नाही. मला ते जमत नाही. विचारलं, लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. जागा पुरेना म्हणून मागच्या पानावर लिहिलं. खोलीतूनच तो कागद फोनवर वाहिनीला पाठवला आणि मग निर्मात्याला सांगितलं. तो म्हणाला, “उद्याचं शूटिंग झाल्यावर पाठवायचं ना!” गाडी मागवून मी तिला मागच्या दाराने दवाखान्यात नेलं. बरगडीला चीर निघाली.

तुम्ही तो भाग पाहिला असेल तर तुम्हाला एवढंच दिसलं असेल, की दुखापतीमुळे सुमाची माघार आणि जोडीदार कॅमेऱ्यासमोर डोळे पुसतोय. मास्तरांच्या वहीत त्या आठवड्याला पाच नंबरपुढे कमरेचा रकाना कोरा आहे.

उरलेल्या सात आठवड्यांत दर बुधवारी फॉर्म पडद्याआड भरले गेले. एकेक स्पर्धक आत, मी आत, मास्तर बाहेर मशीनवर. पहिलवानांनी गुडघ्याचं सांगितलं. बातम्या देणाऱ्याने झोपेचं सांगितलं आणि रडला. आता मास्तर चिंधी घेत असतील असं मी धरून चालले होते.

पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही. वेळेवर माप घेत नाहीत, असं कारण ठरलं. कपडे आता बेंगळुरूहून येतात. मापं स्पर्धक स्वतःच फोनवर कळवतात, पोट आत ओढून घेतलेली. मी भांडले का? एकदा बोलले. नोकरी ठेवून जेवढं बोलता येतं तेवढं. मास्तरांना सांगायला दुकानात गेले तर म्हणाले, “असू दे मेडम, साकु. पुरे झालं आता.” आणि मला चहा मागवला. सुमा मधे येऊन गेली म्हणाले, बहिणीच्या लग्नाचं ब्लाउज शिवून घ्यायला. “खांबाचा विनोद केला,” म्हणाले. “हसली की. पूर्ण हसली.”

मागच्या श्रावणात मास्तर गेले. मला महिन्याने कळलं. दुकानात गेले तेव्हा मुलगा सामान हलवत होता. तो कपडे शिवत नाही, पडदे आणि सोफ्याची कव्हरं करतो. काळी मशीन दाराशी काढून ठेवली होती, भंगारवाल्यासाठी.

“मला द्या ही,” मी म्हटलं.

“अक्का, काही उपयोग नाही. दाते पार झिजलेत. अप्पानं असं कसं केलं कळत नाही, आम्हाला तर पाय लावू देत नव्हता. कापड पुढे जात नाही हिच्यावर.”

“मला शिवायचं नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पोत ठेवायला हात लावला.

या वर्षी तो जोडीदार परत आलाय, परीक्षक म्हणून. मधल्या खुर्चीत बसतो आणि तालमीच्या हॉलमध्ये मोकळा फिरतो. लोकांना अजून आवडतो. मी कागद काढून दाखवले, वरून उत्तर आलं की प्रकरण जुनं झालं. कपड्यांच्या खोलीत कपडे फक्त टांगायचे असतात, पण हिरवा पडदा मी काढू दिलेला नाही. मशीन त्याच्या आतच ठेवलीय. बाहेर बसायला कुणी नाही, म्हणून फॉर्म मी मांडीवर घेते आणि पाय मीच दाबते. लिहिताना अक्षर हलतं. मला माणसं हसवता येत नाहीत. खांबाचा विनोद एकदा करून पाहिला, समोरची मुलगी नुसती खांबाकडे बघत राहिली.

काल बुधवार होता. आत एक मुलगी आली, मालिकेतलीच, बावीसेक वर्षांची. बसली आणि नखं बघत राहिली. मी पाय दाबला. खडखडाट सुरू झाला. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि तोंड उघडलं, तोच पडद्याबाहेर बूट वाजले.

“मॅडम, किती वेळ?” त्याचाच आवाज.

मुलीने तोंड मिटलं.

“अस्तर लागतंय,” मी ओरडून म्हटलं आणि पाय आणखी जोराने दाबला. “बोल तू.”